कोरड्या दर्यावरचा तांडेल

भिकूतात्यांची आणि माझी ओळख भांडणातून झाली, आणि पुढं पंचवीस वर्षं आम्ही दोघांनी ते भांडण जपून वापरलं. मधेच कधी आठवडाभर गोडीगुलाबीचा गेला, तर दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. मी आचऱ्याजवळच्या एका किनाऱ्यावरच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचो आणि ते त्याच किनाऱ्यावरच्या रापणीचे तांडेल होते.

रापण म्हणजे होडीनं समुद्रात अर्धगोल टाकलेलं भलंमोठं जाळं. त्याची दोन्ही टोकं दोरांना बांधून किनाऱ्यावर आणायची आणि साठ-सत्तर माणसांनी दोन बाजूंनी ओढायची. बाई असो, म्हातारा असो, जो दोराला हात लावील त्याचा मासळीत वाटा. तांडेल मात्र दोर ओढत नाही. तो पाणी बघतो. पाण्याचा रंग कुठं काळवंडला, कुठं नुसतीच सुरकुती पडली, त्यावरून मासळीचा थवा ओळखतो आणि खांद्यावरचा पंचा हलवून होडीवाल्यांना दिशा देतो. त्याचा डोळा चुकला तर सत्तर जणांची सकाळ फुकट जाते. भिकूतात्यांचा डोळा चुकत नाही, असं गावात मीठ-भाकरीइतकं सहज बोललं जायचं.

दिसायला ते काही तांडेल वाटायचे नाहीत. अंगानं किडकिडीत, खाकी अर्धी चड्डी, बंडी, खांद्यावर पंचा. शर्ट देवळासाठी आणि कचेरीसाठी राखून ठेवलेला. शर्टाबरोबर त्यांची भाषाही बदलायची. एरवी मालवणीत सुरीसारखं बोलणारा हा माणूस कचेरीत शिरला की "आम्ही आपणांस विनंती करीत आहोत" असलं काहीतरी परीटघडीचं बोलायला लागायचा आणि बाहेर आल्यावर घाम पुसायचा. आवाज तर इतका हळू, की ऐकायला माणसाला दोन पावलं जवळ जावं लागे. मी एकदा विचारलं, एवढ्या लाटांच्या आवाजात तुमचं बोलणं कुणाला ऐकू तरी कसं येतं. त्यांचं म्हणणं असं, की ज्याला मोठ्यानं ओरडावं लागतं त्याचं ऐकायची माणसांना सवय नसते.

आता भांडणाचं सांगतो. मी नोकरीवर नवा होतो आणि नव्या मास्तराला असतो तेवढा उत्साह मलाही होता. थंडीत आमच्या वाळूवर समुद्री कासवं अंडी घालायला येतात. एके दिवशी मला असं एक घरटं सापडलं. मी बाजारातून खुंट्या आणल्या, तार आणली, घरट्याभोवती कुंपण घातलं, वर पाटी लावली आणि शाळेत जाऊन तासभर त्यावर भाषण ठोकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो तो माझ्या खुंट्या उपटून बाजूला रचून ठेवलेल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण घरट्याला धक्का नव्हता. त्याच्याभोवती जुन्या जाळ्याचं, माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं कुंपण होतं, आणि रापणीचे दोर नेहमीची जागा सोडून लांबून ओढल्याच्या खुणा वाळूत दिसत होत्या.

दुपारी तात्या शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. शर्ट घातलेला नव्हता, म्हणजे कचेरीचं काम नव्हतं.

"मास्तरांनू, कासवाक कुंपण घातलात तां बरां केलात. पण खुंटे मारलात ते आमच्या दोराच्या वाटेत. काळोखात कोणाचो पाय मोडलो आसतो. माका एकदा इचारूक काय झाला होता?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्यामुळं मी वाद घातला. कासव कसं दुर्मिळ आहे, रापणीच्या माणसांच्या वर्दळीनं ते कसं बुजतं, हे सगळं पुस्तकातलं मी त्यांना ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले की पंचवीस वर्षं ते हे पाणी बघताहेत, कासव रापणीला बुजलेलं त्यांनी एकदाही पाहिलेलं नाही. त्या दिवसापासून हे आमचं ठरलेलं भांडण. संध्याकाळी ते माझ्या पडवीवर यायचे, समुद्राकडं तोंड करून बसायचे, साखर जास्त घातलेला चहा प्यायचे आणि आम्ही कासवावरून भांडायचो. माझ्याकडं पुस्तक होतं, त्यांच्याकडं डोळा होता. दोघंही तसूभर हलत नव्हतो.

विचारण्याबद्दल मात्र ते फार काटेकोर. मुलीचं लग्न, नवी होडी, घराचं छप्पर, कशालाही हात घालण्याआधी देवळात कौल. गुरवानं देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर थांबायचं. मी विज्ञानाचा मास्तर, मला हे हास्यास्पद वाटायचं आणि मी तसं बोलूनही दाखवायचो. तात्यांना राग यायचा नाही. ते म्हणायचे, देव काय सांगतो ते राहू दे, पण विचारायला देवळापर्यंत चालत जावं लागतं ना, तेवढ्या वेळात माणूस शहाणा होतो.

मग वनखात्याचा एक कागद आला. खाडीच्या मुखापासून उत्तरेचा वाळूचा पट्टा कासवांसाठी राखीव करायचा विचार चालू आहे, मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत तिथं जाळं टाकता येणार नाही, अशा अर्थाचं त्यात होतं. तो पट्टा म्हणजे नेमकी रापणीची जागा. आजूबाजूच्या गावांतल्या रापणी यांत्रिक होड्यांच्या रेट्यानं केव्हाच बंद पडल्या होत्या. आमच्या बाजूला उरलेली ही शेवटची. गावात 'अभयारण्य' हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ लागला. मी उघडपणे त्या कागदाच्या बाजूनं बोललो. त्या संध्याकाळी तात्या पडवीवर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. दोन महिने आले नाहीत. मला पहिल्यांदा कळलं की आजवरची भांडणं म्हणजे आमची मैत्रीच होती, आणि हे मात्र खरं भांडण होतं. मला करमेना. बायको म्हणायची, जाऊन बोला ना. पण मी जाईन तर मी मास्तर कसला.

त्या हिवाळ्यात सुजाताचा फोन आला. सुजाता माझी जुनी विद्यार्थिनी, तात्यांच्याच रापणीत दोर ओढणाऱ्या घरातली. ती तेव्हा कच्छच्या छोट्या रणात, घुडखरांच्या अभयारण्याच्या कडेला राहून पक्ष्यांचा अभ्यास करत होती. घुडखर म्हणजे रानगाढव. सर, एकदा येऊन बघून जा, असं ती दरवर्षी म्हणायची. या वेळी मी हो म्हटलं, आणि फोन ठेवल्यावर काय वाटलं कोण जाणे, चप्पल घालून थेट तात्यांच्या अंगणात गेलो. ते जाळं विणत बसले होते. मी म्हटलं, मी अभयारण्य बघायला चाललोय, तुम्ही त्याला शिव्या देता, तर एकदा डोळ्यांनी बघून मग द्या.

त्यांनी सुई थांबवली. एकच प्रश्न विचारला.

"थंय माणसां रवतत काय?"

मी म्हटलं, राहतात. मीठ पिकवतात. त्यावर ते उठले आणि देवळाकडं निघाले. देवाला विचारल्याशिवाय ते वेशीबाहेर जात नसत. तासाभरानं निरोप आला, उजवा कौल झाला.

कुडाळला आम्ही गाडीत बसलो तेव्हा तात्यांच्या सामानात कपड्यांची एक पिशवी, घरच्या विहिरीच्या पाण्याचा कॅन, एक नारळ आणि सोड्यांची पुडी एवढं होतं. सोडे म्हणजे सुकवलेली कोलंबी. वसईपर्यंत ते खिडकीतून प्रत्येक खाडीला नावं ठेवत होते, इथं गाळ फार, इथं पूल चुकीच्या जागी. गुजरातेत शिरल्यावर खाड्या संपल्या आणि त्यांचं बोलणंही संपलं. कापसाची रानं, जिऱ्याची रानं, मग नुसतीच वेडी बाभूळ. त्यांना पाणी दिसेना, तसे ते खिडकीपासून आत सरकून बसले. मला वाटलं, आपण चूक केली. या वयात या माणसाला त्याच्या जागेवरून उपटून आणायला नको होतं.

सुजातानं आमची सोय रणाच्या काठच्या एका गावात, एका शेतकऱ्याच्या घरी केली होती. माणसं फार लाघवी. बाजरीचा रोटला, लोण्याचा गोळा, गूळ, ताकाचा तांब्या. पण घर कट्टर शाकाहारी. सोड्यांची पुडी तात्यांनी पिशवीत अगदी तळाला दडवली, तरी घरातली मांजर त्यांच्याच मागं मागं. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या अंथरुणात नव्हते. मी आणि सुजाता शोधत निघालो, तर गावाबाहेर, जिथं झाडं संपून सपाट जमीन सुरू होते तिथं, बाभळीखाली एक होडी होती. खरीखुरी मासेमारीची होडी, वाळवंटाच्या कडेला, उपडी घातलेली. तिच्यावर बसून तात्या कोरडे सोडे चावत होते.

मला बघून ओशाळले. म्हणाले, "तोंडाक गंज चढलो, मास्तरांनू."

मग सुजातानं सांगितलं ते ऐकून मीही चकित झालो. पावसाळ्यात या रणात खाडीतून समुद्राचं पाणी शिरतं, वरून नद्यांचं येतं, आणि जिथं आपण उभे आहोत तिथं कमरेएवढं पाणी असतं. तेव्हा इथं कोलंबी मिळते. लोक जाळी लावतात. म्हणून ही होडी. रणात मधूनमधून ज्या उंचवट्याच्या जागा आहेत त्यांना लोक 'बेट' म्हणतात, कारण पावसाळ्यात ती खरोखरच बेटं होतात. मी पंचवीस वर्षं विज्ञान शिकवलं, पण वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या आणि उंट यापलीकडं माझी मजल गेली नव्हती. तात्यांनी मात्र ते सांगायच्या आधीच वाकून चिमूटभर माती जिभेवर ठेवली होती.

"हो दर्योच आसा," ते म्हणाले. "कोरडो, पण दर्यो."

त्या क्षणापासून तो माणूस घरी आल्यासारखा वागायला लागला. होडीच्या फळ्यांमधल्या सांध्यावरून बोट फिरवून त्यांनी बांधणाऱ्याला नापास केलं. नारळ पिशवीतून काढून जमिनीवर ठेवला, हात जोडून हळू आवाजात गाऱ्हाणं घातलं, सांभाळून घे, म्हणून. जमीन कोरडी ठणठणीत, भेगा पडलेली. आम्हाला रणात न्यायला जीप घेऊन आलेला चालक, दानाभाई, माझ्याकडं बघून हसला. मी नाही हसलो.

रण कसं असतं ते मला नीट सांगता येणार नाही. चारी बाजूंना सपाट, मातकट, आणि त्याला शेवटच नाही. समुद्राकाठच्या माणसाला एका बाजूला मोकळं बघायची सवय असते, पाठीशी माड असतात, घर असतं. इथं पाठ टेकायला काही नाही. मला भीती वाटली, हे कबूल करतो. एका बेटाजवळ घुडखरांचा कळप दिसला. मातीच्याच रंगाचे, पोट पांढरं, मानेवर गडद आयाळ. गाढव म्हणून मनात जे चित्र असतं त्याचा मागमूस नाही. ताठ मानेची, राजबिंडी जनावरं. सगळी चरत होती, फक्त एक जण कळपापासून जरा दूर, आमच्याकडं तोंड करून उभा. तात्यांनी जीप थांबवायला सांगितली आणि खूप वेळ त्या एकाकडंच बघत राहिले. तो चरत नव्हता, हलत नव्हता. मग त्यांनी मला कोपरानं ढोसलं आणि म्हणाले, तो बघा त्यांचा तांडेल.

सुजातानं सांगितलं की एके काळी ही जनावरं इतकी थोडी उरली होती की आता संपणार असंच सगळे धरून चालले होते. इथं राखीव झालं म्हणून वाचली. मी विजयी मुद्रेनं तात्यांकडं पाहिलं. ते अजून त्या एकाकडंच बघत होते.

दुपारी ती गोष्ट घडली. आम्ही जीपमधून उतरून एका जागी पाखरं बघत होतो. मी आणि सुजाता दुर्बिणीत, दानाभाई विडी ओढत. तात्या आमच्याकडं पाठ करून उभे होते. अचानक ते वळले आणि त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "भरती येता. सगळ्यांनी वर चला."

मी पाहिलं तर खरंच पश्चिमेकडून पाणी येत होतं. चमकणारं, लाटांसह, रुंद. मला तात्यांचा तो आवाज ठाऊक होता. किनाऱ्यावर त्या आवाजात हाक आली की माणसं हातातलं टाकून निघतात. सुजाताही त्याच किनाऱ्यावरची. आम्ही दोघं दुर्बिणी सावरत जीपकडं धावलो, टपावर चढलो. तात्यांनी दानाभाईच्या दंडाला धरून त्यालाही ओढलं. दानाभाई बिचारा आधी घाबरला आणि मग पोट धरून हसायला लागला. ते मृगजळ होतं. सुजाता तर चार वर्षं रोज ते बघत होती, तरी तात्यांच्या शब्दाखातर ती धावली होती.

आम्हीही हसलो. हसू आवरेना. फक्त तात्या हसले नाहीत. ते खाली उतरले, त्या पाण्याच्या दिशेनं पन्नासएक पावलं चालत गेले आणि थांबले. पाणी तेवढंच मागं सरकलं असणार. ते तसेच उभे राहिले. आमचं हसू हळूहळू थांबलं. मी त्यांच्याजवळ गेलो. काहीतरी समजावणीचं बोलावं म्हणून हवा तापली की प्रकाश कसा वाकतो ते सांगू लागलो. त्यांनी ऐकून घेतलं.

"पन्नास वर्सां पाणी बघतंय," ते म्हणाले. "आज नाय थंय माका पाणी दिसला. मगे पाणी आसा थंय माका काय काय दिसाक नसात, तां कोणाक म्हायत?"

मला तेव्हा त्या वाक्याचं वजन कळलं नाही. उन्हाचा त्रास झाला असेल असं वाटून मी त्यांना पाणी दिलं.

परतताना एका मिठागरावर थांबलो. मिठाचे चौकोनी वाफे, कडेला गोणपाटाची झोपडी, चहूबाजूंना कोसभर दुसरं काही नाही. तिथं रामीबेन नावाची बाई, तिचा नवरा आणि म्हातारी सासू, पावसाळा संपल्यापासून पुढचा पावसाळा येईपर्यंत राहायची. रामीबेननं आम्हाला काळा चहा दिला. तात्यांनी तिच्या वाफ्यातलं मीठ हातात घेऊन बघितलं, चांगलं आहे म्हणाले. मग सुजातामार्फत ते तिच्याशी बोलू लागले. मी नुसता ऐकत होतो.

रामीबेनच्या नवऱ्याच्या आजोबापासून ते इथं मीठ पिकवतात. पण जागेचा कागद त्यांच्याकडं नाही, कारण जागा अभयारण्याची. दरवर्षी पाणी ओसरलं की निघायचं, आणि या वर्षी जाऊ देतील की नाही ही धास्ती घेऊनच निघायचं. तात्यांनी विचारलं, जागा जनावरांची झाली तेव्हा तुमच्या माणसांना कुणी विचारलं होतं का. ती म्हणाली, नाही. मग त्यांनी विचारलं, त्या जनावरांचा राग येत नाही का. रामीबेन भांडी धुतलेलं पाणी झोपडीमागच्या खड्ड्यात ओतत होती. तिथं चिमण्यांएवढी पाखरं जमली होती. ती म्हणाली, त्यांचा कशाला राग, त्यांना तरी कुणी विचारलं होतं?

सुजातानं ते मराठीत सांगितलं आणि तात्या वळून त्या पाखरांकडं बघू लागले. निघताना त्यांनी उरलेल्या सोड्यांची पुडी पिशवीतून काढली, मग इकडं मासळी चालत नाही हे आठवलं असावं, ती परत ठेवली आणि विहिरीच्या पाण्याचा अर्धा कॅन तिच्या हंड्यात ओतला. तिथं पाण्याचा टँकर केव्हातरी येतो. रामीबेननं ओंजळभर पिऊन बघितलं आणि गोड आहे म्हणाली. तात्यांचा चेहरा पहिल्यांदा उजळला. ते विहीर किती खोल आहे ते तिला सांगू लागले.

संध्याकाळी रणाच्या काठच्या तळ्यावर क्रौंच उतरले. शेकड्यांनी, ओरडत, लांब माना ताणून. मला भरून आलं. मी लाज न बाळगता डोळे पुसले आणि तात्यांना विचारलं, आता तरी पटलं की नाही. त्यांनी मला गावपळणीची आठवण करून दिली. आमच्या गावात काही वर्षांनी एकदा देवाच्या कौलानं अख्खा गाव घरंदारं सोडून, गुरंढोरं घेऊन वेशीबाहेर जातो. तीन दिवस गावात माणूस राहत नाही. गाव देवाला मोकळा करून द्यायचा.

"आमी गाव सोडतंव, कोण आमका भायर काढणा नाय," ते म्हणाले. "आणि चौथ्या दिसाक देव परत बोलवता. त्या रामीबेनीक कोण बोलवतलो?"



गावी परतल्यावर पंधरा दिवसांत त्या कागदावर बैठक होती. साहेब आले, खुर्च्या मांडल्या गेल्या. सगळ्या गावाला ठाऊक होतं की तात्या उठतील आणि कागद फाडतील. रापणीची माणसं त्यासाठीच पुढं बसली होती. तात्या उठले. अंगात शर्ट होता, पण बोलले ते मालवणीत. साहेबापुढं मालवणीत बोललेले मी त्यांना त्याच दिवशी पाहिलं.

ते म्हणाले, कासव रापणीला बुजत नाही असं मी आजवर सांगत आलो. माझ्या डोळ्याच्या जोरावर सांगत आलो. तो डोळा चुकतो, हे मला परमुलखात जाऊन कळलं. मास्तर म्हणतात ते खरं असेलही. मग साहेबांकडं वळून म्हणाले, "आतापासून पाऊस सरापर्यंत आमी रापण काढून ठेवतंव. तुमी सांगलात म्हणान न्हय. देवाक इचारून, आमचे आमी ठेवतंव. पण भादव्यात परत लावतलंव, तां तुमच्या कागदार लिवन द्या."

साहेब भले होते. त्यांनी टिपून घेतलं आणि वर कळवतो म्हणाले. ते कळवणं अजून चालू आहे. तात्या मात्र थांबले नाहीत. देवळात कौल झाला, उजवा पडला, आणि ऐन माघात, बांगड्याच्या दिवसांत, रापणीचं जाळं वर ओढून मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपटात, ठेवलं गेलं. काही जणांनी त्यांच्याशी बोलणं सोडलं. तोंडावर म्हातारचळ म्हणणारेही निघाले. त्या साली आमच्या वाळूवर कधी नव्हे एवढी कासवं आली. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मला त्याचा आनंद झाला नाही, आणि हे मी कुणाला सांगू शकलो नाही. तात्या पुन्हा पडवीवर यायला लागले होते, पण आता आमच्याकडं भांडायला काही उरलं नव्हतं. ते चहा पीत आणि मुकाट बसत.

इतके महिने हात रिकामे ठेवून कोण बसणार? रापणीची तरुण माणसं यांत्रिक होड्यांवर रोजानं गेली, काही गोव्याला गेली. भाद्रपदात पाऊस उघडला आणि ठरल्याप्रमाणं तात्यांनी रापण लावली. मी त्याच आठवड्यात निवृत्त होऊन माझ्या गावी, धामापूरला जाणार होतो, म्हणून मुद्दाम पहाटे किनाऱ्यावर गेलो. दोराला साठ माणसं लागतात. आली वीस. त्यातही निम्म्या म्हाताऱ्या बायका. मीही दोराला हात लावून उभा राहिलो. होडी पाण्यात तयार होती. तात्या पाणी बघत होते आणि आम्ही सगळे त्यांच्या पंच्याकडं.

त्यांनी पंचा हलवला नाही.

"मासो आसा," ते म्हणाले. "बांगडो. मोठो थवो आसा. पण आमी वीस जणां, जाळां वडूक गावाचां नाय. फाटतलां. जावंदे."

मग ते दोरांच्या वेटोळ्यावर बसले आणि बोटानं दाखवत राहिले, आता इथं आहे, आता खडपाजवळ, त्या काळ्या खडकांपाशी पोचला, आता वळला. आम्ही त्यांच्या बोटाच्या दिशेनं बघत होतो. आम्हाला नुसतं पाणी दिसत होतं. हळूहळू एकेक जण दोर सोडून घरी गेला. मला त्या सकाळी त्यांच्या शेजारी बसवेना, आणि उठवेना.

पुढच्या श्रावणात ते गेले. मला धामापूरला निरोप उशिरा मिळाला. त्यामुळं माझ्यापुरते ते त्या सकाळनंतरच्या दिवशीच शेवटचे दिसले. झालं असं, की दुसऱ्या दिवशी मी बाजारात गेलो तर जिकडंतिकडं बांगडा. मासळीवाल्या बाईनं सांगितलं की काल दुपारी आमच्याच खडपाच्या पलीकडं पुढच्या गावच्या होड्यांना लागला, टोपल्या कमी पडल्या. मी पिशवी तशीच रिकामी घेऊन तात्यांच्या अंगणात गेलो. ते कोयत्यानं रापणीचा दोर तोडत बसले होते. विहिरीसाठी, गुरांसाठी, ज्याला जेवढा हवा तेवढा तुकडा. मी म्हटलं, तात्यानू, काल पलीकडच्यांना बांगडा लागला, खडपापाशीच.

मला वाटलं होतं ते हसतील, मी सांगितलंच होतं म्हणतील. त्यांनी कोयता खाली ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता येईना.

"खरांच गावलो?"

मी म्हटलं, खरंच. कुठल्या बाजूला, किती वाजता, किती टोपल्या, त्यांनी एकेक विचारून घेतलं. मला ठाऊक होतं तेवढं सांगितलं. मग त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं, समुद्राकडं पाहिलं आणि स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले,

"म्हणजे मासो होतो."